राष्ट्रपतिपद, ‘आपला माणूस’ आणि विरोधाचा विवेक

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत आपल्याकडील सुशिक्षित मतदार बहुधा प्रेक्षकाची भूमिका घेतो. ज्या व्यक्तीच्या नावाने देशाचा सारा कारभार चालतो, तिच्या निवडीत त्याला मत नाही. ते मत खासदार आणि आमदार देतात. मग उमेदवार कोण, त्याची पूर्वपीठिका काय, त्याला विरोध करावयाचा तर कोणत्या कारणांसाठी, या खटाटोपात आपण कशाला पडावे, असा विचार शाळेच्या शिक्षकखोलीत आणि तहसील कचेरीत सहज बोलून दाखविला जातो. ‘ते पद शोभेचे आहे, सही करण्यापलीकडे तिथे काय आहे?’ हे वाक्य तर आता म्हणीसारखे रूढ झाले आहे. वास्तविक ही उदासीनता परवडणारी नाही, आणि मराठवाड्यातील माणसाला तर ती मुळीच शोभणारी नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये शिवराज पाटील चाकूरकर यांचे लातूर येथे निधन झाले. एका सुसंस्कृत, अभ्यासू संसदपटूच्या जाण्याने हळहळ वाटणे साहजिकच होते. त्या हळहळीत एक जुनी रुखरुखही मिसळलेली होती. २००७ साली लातूरच्या या सुपुत्राचे नाव राष्ट्रपतिपदासाठी चर्चेत आले होते. परंतु त्या वेळच्या संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या डाव्या पक्षांनी त्या नावाला संमती दिली नाही, आणि १४ जून २००७ रोजी राजस्थानच्या तत्कालीन राज्यपाल प्रतिभाताई पाटील यांचे नाव जाहीर झाले. ‘आपल्या माणसाला डावलले,’ असे लातुरात तेव्हा म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. या भावनेचा आदर राखूनही तिची चिकित्सा करणे आवश्यक आहे. कारण उमेदवाराला पाठिंबा कोणत्या कारणासाठी द्यावा आणि विरोध कोणत्या कारणासाठी करावा, या प्रश्नाचे उत्तर ‘आपला’ या एका शब्दात मिळत नाही.

पद शोभेचे नाही

प्रथम ‘शोभेचे पद’ या समजुतीचा विचार करू. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावयाचे असते, हे खरे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हे बंधन स्पष्ट शब्दांत घातले, आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, सल्ला एकवार फेरविचारासाठी परत पाठविण्याची मुभा राष्ट्रपतीला दिली. म्हणजे त्याला नकार देता येत नाही, परंतु ‘पुन्हा विचार करा’ असे म्हणता येते. हा अधिकार दिसावयास लहान आहे. तो वापरणारी व्यक्ती कोण, यावर मात्र त्याची किंमत ठरते.

२५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली, तेव्हा मंत्रिमंडळाची बैठक झालेली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली आणि झालेल्या गोष्टीस मान्यता देऊन मोकळी झाली. त्या रात्री राष्ट्रपतीने ‘मंत्रिमंडळाचा ठराव कुठे आहे?’ एवढे जरी विचारले असते, तरी इतिहास बदलला असता असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. परंतु प्रश्न विचारला गेल्याची नोंद तरी राहिली असती. याच फक्रुद्दीन अली अहमदांची निवड त्यापूर्वी दहा महिने, ऑगस्ट १९७४ मध्ये, झाली होती. त्यांना ७,६५,५८७ मूल्याची मते मिळाली आणि विरोधकांचे उमेदवार त्रिदिब चौधरी यांना १,८९,१९६. त्या वेळी मत देताना, बिकट प्रसंगी हा गृहस्थ पंतप्रधानांना प्रश्न विचारू शकेल काय, हा विचार कितीजणांनी केला असेल?

हे केवळ पन्नास वर्षांपूर्वीचे उदाहरण नव्हे. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी महाराष्ट्र झोपेतून उठण्यापूर्वीच राज्यातील राष्ट्रपती राजवट उठविली गेली. पहाटे पावणेसहाच्या सुमारास त्या आदेशाची अधिसूचना निघाली आणि आठच्या आसपास राजभवनात नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. मंत्रिमंडळाची बैठक न घेता, पंतप्रधानांना असलेल्या विशेष अधिकाराच्या नियमाखाली ती शिफारस गेली होती. नियमात ते बसतही असेल. परंतु नियमात बसणाऱ्या घाईला ‘थांबा’ म्हणणे, एवढ्यासाठीच तर राष्ट्रपतीची सही आवश्यक ठेवलेली असते. ती सही ज्या राज्याच्या भवितव्याशी निगडित होती, ते राज्य आपले होते.

उलट बाजूचीही उदाहरणे आहेत. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लागू करण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनी केंद्र सरकारकडे परत पाठविली आणि सरकारला माघार घ्यावी लागली. पुढल्याच वर्षी बिहारच्या बाबतीत त्यांनी तेच केले. त्या दोन्ही वेळी दिल्लीत सरकारे वेगवेगळ्या पक्षांची होती. राष्ट्रपतीची कसोटी मात्र एकच राहिली. याउलट मे २००५ मध्ये बिहार विधानसभा विसर्जित करण्याच्या शिफारशीवर डॉ. अब्दुल कलाम यांनी परदेश दौऱ्यावर असताना मॉस्कोहून संमती दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरविले. कलामांइतका लोकप्रिय आणि निःस्पृह राष्ट्रपती विरळाच. परंतु लोकप्रियता ही एक गोष्ट आहे आणि मध्यरात्रीच्या कागदावर क्षणभर थबकण्याची सवय ही दुसरी.

राजप्रमुखाचा धडा

घटनात्मक प्रमुख कोण असावा, हा प्रश्न मराठवाड्याला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, आणि त्यानंतर राज्यघटना अमलात आली तेव्हा हैदराबाद राज्याचे राजप्रमुख म्हणून कोण आले? ज्यांच्या राजवटीविरुद्ध नांदेडपासून उमरग्यापर्यंतच्या तरुणांनी शाळा-कॉलेजे सोडली, सरहद्दीवरच्या छावण्यांत दिवस काढले, तुरुंग भोगले, ते निजाम मीर उस्मान अली खान! १९५० पासून राज्यपुनर्रचना होईपर्यंत, म्हणजे १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत, ते त्या पदावर होते. त्यांच्या हाती सत्ता उरली नव्हती. सत्ता मंत्रिमंडळाच्या हाती होती. कागदोपत्री ते पदही ‘शोभेचे’च होते. तरीही ज्यांनी लढा दिला त्यांना ती गोष्ट सलत राहिली.

ती का सलली? केवळ जुन्या वैरामुळे नव्हे. राज्याचा प्रमुख म्हणून ज्याच्या नावाने हुकूम निघतात, त्याच्या पूर्वचरित्राचा त्या पदाशी संबंध असतो, ही साधी जाणीव त्यामागे होती. ज्या प्रदेशाने ही जाणीव एवढी किंमत मोजून मिळविली, त्या प्रदेशातील शिक्षकाने आणि विद्यार्थ्याने ‘सहीच तर करायची आहे’ असे म्हणावे, हे आश्चर्य आहे.

‘आपला माणूस’ हे कारण होऊ शकत नाही

आता प्रदेशाभिमानाच्या मुद्द्याकडे वळू. शिवराज पाटील हे लोकसभेचे अध्यक्ष होते, आणि त्यांच्या कारकिर्दीत, १९९३ साली, संसदेच्या विभागवार स्थायी समित्यांची पद्धत सुरू झाली. सरकारच्या खर्चाच्या मागण्या गोंधळात न तपासता मंजूर होण्याऐवजी त्यांची समितीत छाननी व्हावी, यासाठी केलेली ती फार मोलाची सुधारणा होती. कुणी त्यांचे समर्थन याच आधारावर केले असते, तर तो युक्तिवाद ऐकण्याजोगा होता. त्याच न्यायाने, २००४ पासून गृहमंत्री म्हणून त्यांच्या खात्याची कामगिरी कशी होती, जुलै २००६ च्या मुंबईतील लोकलगाड्यांतील बाँबस्फोटांसारख्या प्रसंगी ते खाते किती सावध होते, हे विचारून कुणी विरोध केला असता, तर तोही ऐकण्याजोगा होता. परंतु आपल्याकडे झाले काय? समर्थकांनी ‘लातूरचा माणूस’ म्हटले, आणि विरोधकांनी ‘लोकसभेत पडलेला माणूस’ म्हणून नाक मुरडले. सात वेळा निवडून आलेला उमेदवार २००४ साली हरला, हे खरे आहे. परंतु निवडणुकीतील पराभव हाच जर अपात्रतेचा पुरावा मानावयाचा, तर १९५२ साली मुंबईत लोकसभेची निवडणूक हरलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही आपण कोणत्याच पदास पात्र मानता कामा नये! ही दोन्ही कारणे कारणे नव्हेत. एकात अभिमान आहे आणि दुसऱ्यात हिणवणे आहे. विचार कोणत्याच बाजूस नाही.

आपला माणूस सत्तास्थानी असला म्हणजे आपले हक्क सुरक्षित राहतात, ही समजूत किती भाबडी आहे हे पाहावयाचे असेल तर नांदेडकरांनी १९७५ साल आठवावे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत नांदेडचे शंकरराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. मराठवाड्याला प्रथमच हा मान मिळाला होता आणि पाटबंधाऱ्यांच्या क्षेत्रातील त्यांचे कार्य आजही कृतज्ञतेने सांगितले जाते, ते योग्यच आहे. परंतु चारच महिन्यांत आणीबाणी आली. वृत्तपत्रांवर नियंत्रण आले आणि राजकीय कार्यकर्ते स्थानबद्ध झाले. मुख्यमंत्री आपल्या जिल्ह्यातील होते म्हणून मराठवाड्याला यातून सूट मिळाली नाही. प्रदेशाचा मान वाढणे आणि नागरिकाचे स्वातंत्र्य शाबूत राहणे या दोन निराळ्या बाबी आहेत. पहिलीच्या आनंदात दुसरीचा विसर पडू नये.

१९६९ साली राष्ट्रपतिपदासाठी चिंतामणराव देशमुख उभे होते. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रीय मंत्रिपदावर लाथ मारणारा हा माणूस! मराठीपणाचीच कसोटी लावावयाची तर त्यांच्याइतका योग्य उमेदवार दुसरा कोण होता? परंतु जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्याने ते उभे होते, आणि पक्षभेद विसरून सारे मराठी प्रतिनिधी त्यांच्यामागे उभे राहिले असे काही घडले नाही. त्यांना पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मते पडली आणि दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर व्ही. व्ही. गिरी निवडून आले. ज्यांनी देशमुखांना मत दिले नाही त्यांना कुणी महाराष्ट्रद्रोही ठरविले नाही. ती समज आपण २००७ पर्यंत कुठे हरवून बसलो?

२००७ चा विरोध : ग्राह्य काय, त्याज्य काय

२००७ साली प्रतिभाताई पाटील यांच्या उमेदवारीला झालेला विरोध हा या विषयाचा जणू वस्तुपाठच आहे. १९ जुलै रोजी मतदान झाले. त्यांना ६,३८,११६ आणि भैरोंसिंह शेखावत यांना ३,३१,३०६ मते मिळाली. २५ जुलै रोजी देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून त्यांनी शपथ घेतली. शिवसेनेने राष्ट्रीय लोकशाही आघाडीत असूनही मराठी उमेदवार म्हणून त्यांना पाठिंबा दिला. त्या दोन महिन्यांत त्यांच्यावर अनेक आक्षेप घेतले गेले. त्यांची निवड-पाखड आज शांतपणे करता येते.

काही आक्षेप निखालस अनुचित होते. त्या स्त्री आहेत, त्यांचा डोक्यावरचा पदर, त्यांची बोलण्याची ढब, यांवर झालेली टवाळी ही विरोध या संज्ञेलाही पात्र नव्हती. माउंट अबूच्या ब्रह्माकुमारी आश्रमातील त्यांच्या आध्यात्मिक अनुभवकथनावरूनही गदारोळ झाला. श्रद्धा ही खाजगी बाब आहे. राज्यकारभाराचे निर्णय त्या श्रद्धेवर बेतले जात असतील, तेवढ्यापुरतीच ती चर्चेचा विषय होऊ शकते.

परंतु काही आक्षेप वजनदार होते. पडद्याची चाल मोगलांच्या आक्रमणामुळे सुरू झाली, असे विधान त्यांनी उदयपूर येथे केले आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यास हरकत घेतली. सर्व समाजांच्या ऐक्याचे प्रतीक होऊ पाहणाऱ्या व्यक्तीने इतिहासाविषयी बोलताना जपून बोलावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हती. त्याहून गंभीर मुद्दा होता तो सहकारी बँकेचा. जळगावात त्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या आणि त्यांचेच नाव धारण करणाऱ्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ साली रद्द केला होता. बँकेच्या दैनंदिन कारभाराशी त्यांचा संबंध नव्हता, असा बचाव करण्यात आला. तो पूर्णतः खरा मानला तरी प्रश्न उरतोच. संस्थेला नाव द्यावयाचे, प्रतिष्ठा द्यावयाची, आणि ती बुडाली की ‘कारभार दुसऱ्यांचा’ म्हणावयाचे, हा सहकारातील पुढाऱ्यांचा परिपाठ आपल्याला काय नवा आहे? पतपेढीत आयुष्यभराची पुंजी ठेवणाऱ्या शिक्षकाला, जिल्हा बँकेच्या खिडकीशी पगारासाठी ताटकळणाऱ्या कारकुनाला, उसाच्या बिलासाठी कारखान्याकडे खेटे घालणाऱ्या शेतकऱ्याला या प्रश्नाची धग कळते. पिढ्यानुपिढ्या सहकाराच्या आधाराने जगणाऱ्या महाराष्ट्राने हा प्रश्न सर्वांत मोठ्याने विचारावयास हवा होता. प्रत्यक्षात ‘पहिली महिला’ आणि ‘पहिली मराठी व्यक्ती’ या जयघोषात तो विरून गेला. ज्यांनी विचारला त्यांच्या हेतूवर शंका घेतली गेली आणि त्यांपैकी काहींचे हेतू खरोखरच शुद्ध नव्हते. परंतु प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू वाईट असला म्हणून प्रश्न वाईट ठरत नाही.

विरोध निवडणुकीबरोबर संपत नाही, हेही याच कारकिर्दीत दिसले. निवृत्तीनंतरच्या निवासासाठी पुण्यात खडकी येथे लष्कराच्या जमिनीवर घर बांधण्याचे घाटत होते. माजी सैनिकांनी आणि नागरिकांनी आवाज उठविला, आणि एप्रिल २०१२ मध्ये प्रतिभाताईंनी ती जागा नको असल्याचे जाहीर केले. सनदशीर, मुद्देसूद विरोधाचा मान राष्ट्रपतीलाही राखावा लागतो आणि त्यांनी तो राखला, ही नोंद त्यांच्या बाजूने केली पाहिजे.

समाजाचा मान आणि उमेदवाराची परीक्षा

‘या उमेदवाराला विरोध म्हणजे त्याच्या समाजाला विरोध’ हा युक्तिवाद अलीकडे फार ऐकू येतो. तो नवा नाही. १९८२ साली ग्यानी झैलसिंग काँग्रेसचे उमेदवार होते. पंतप्रधानांनी सांगितले तर आपण झाडूही हाती घेऊ, अशा आशयाचे उद्गार त्यांच्या नावावर सांगितले जातात. त्यांच्याविरुद्ध उभे होते न्यायमूर्ती हंसराज खन्ना. आणीबाणीत नागरिकाला आपल्या स्थानबद्धतेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते की नाही, या प्रश्नावर एप्रिल १९७६ मध्ये पाच न्यायाधीशांपैकी एकट्याने ‘येते’ असे म्हणणारा आणि त्यापायी सरन्यायाधीशपद गमावणारा हा न्यायमूर्ती. झैलसिंगांना ७,५४,११३ मते पडली आणि खन्नांना २,८२,६८५. खन्नांच्या बाजूने उभे राहणे हा शीख समाजाचा अपमान होता काय? सचखंड गुरुद्वाऱ्यामुळे शिखांशी ज्या नांदेडचे पिढ्यांचे जिव्हाळ्याचे नाते आहे, त्या नांदेडला तरी हा प्रश्न विचारण्याची गरज पडू नये.

या कथेला एक उत्तरार्ध आहे आणि विरोधकांनी तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. ज्यांची संभावना हांजी हांजी करणारा म्हणून केली गेली, त्याच झैलसिंगांनी डिसेंबर १९८६ मध्ये संसदेने संमत केलेल्या टपाल विधेयकावर सही केली नाही आणि ते परतही पाठविले नाही. नागरिकांची खाजगी पत्रे उघडण्याचे व्यापक अधिकार सरकारला देणारे ते विधेयक कायदा होऊ शकले नाही. मग १९८२ चा विरोध चुकीचा होता काय? आम्हांस तसे वाटत नाही. मतदानाच्या वेळी हाती असलेल्या पुराव्यावरूनच निर्णय घ्यावा लागतो, आणि तो पुरावा खन्नांच्या बाजूचा होता. परंतु विरोधकाने आपला निष्कर्ष हा शाप समजू नये. पदावर आलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक कृतीचे मोजमाप नव्याने करण्याची तयारी त्याने ठेवावी. किंबहुना, ‘हा केवळ शिक्का ठरेल’ हा आक्षेप जाहीरपणे मांडला गेला असेल, तर तो खोटा ठरविण्याची ईर्ष्या त्या व्यक्तीत निर्माण होण्याचाही संभव असतो.

समाजाला मिळणारा मान निरर्थक आहे, असेही कुणी म्हणू नये. २०२२ साली द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्या, तेव्हा किनवट-माहूरच्या डोंगरी भागातील आश्रमशाळेत शिकणाऱ्या गोंड किंवा कोलाम मुलीला त्यात काही आशय दिसला असेल, तर तिला तो भ्रम आहे असे सांगण्याचा अधिकार शहरी पंडितांना नाही. परंतु त्या मुलीच्या हिताच्या दृष्टीनेच पाहिले तर मुर्मूंच्या बाजूचा खरा मुद्दा जमातीचा नव्हता. झारखंडच्या राज्यपाल असताना २०१७ साली, आदिवासींच्या जमिनीविषयीच्या संरक्षक कायद्यांत बदल करणारी विधेयके त्यांनी परत पाठविली होती, आणि तीही त्यांच्याच मूळ पक्षाच्या सरकारची. हा मुद्दा त्या वेळी किती समर्थकांनी मांडला? आणि यशवंत सिन्हांच्या बाजूने बोलणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्याची दखल घेतली? दोन्ही बाजूंनी ओळखीचीच चर्चा केली, कृतीची केली नाही. ज्याची परीक्षा घ्यावयाची त्याची जात, जमात, प्रांत विचारून आपण थांबतो, आणि उत्तरपत्रिका न तपासताच गुण देऊन मोकळे होतो!

विरोधाच्या कसोट्या

तेव्हा राष्ट्रपतिपदाच्या वादग्रस्त उमेदवाराला विरोध करावयाचा, तर तो कोणत्या कारणांसाठी करावा? आमच्या मते चार प्रश्न विचारणे पुरेसे आहे. पहिला, या व्यक्तीने आजवर ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांना एकदा तरी ‘नाही’ किंवा ‘थांबा’ म्हटले आहे काय? राज्यपाल, सभापती, मंत्री किंवा न्यायाधीश म्हणून काम केलेल्या माणसाच्या आयुष्यात असे प्रसंग येतातच. दुसरा, लोकांच्या पैशाने वा विश्वासाने चालणाऱ्या ज्या संस्थांशी तिचा संबंध आला, त्यांची आज काय स्थिती आहे, आणि त्या बुडाल्या असतील तर तिने जबाबदारी स्वीकारली काय? तिसरा, नागरिकांच्या हक्कांवर गदा आली तेव्हा ती कुठे होती? चौथा, आक्षेपांना ती स्वतः उत्तर देते, की तिच्या वतीने समाज, प्रांत आणि पक्ष उत्तर देतात?

या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळत नसतील तर उमेदवार आपल्या गावचा असो, आपल्या जातीचा असो, की आपण ज्याला मत देतो त्या पक्षाचा असो, त्याला विरोध करणे हे कर्तव्य ठरते. आणि उत्तरे समाधानकारक असतील तर तो विरोधी पक्षाचा असला तरी त्याच्या बाजूने बोलण्याचा मोकळेपणा आपल्यापाशी असला पाहिजे.

हा प्रश्न कोणाला विचारावयाचा, हेही अवघड नाही. नांदेड जिल्ह्यातून विधानसभेवर नऊ आमदार जातात आणि लातूर जिल्ह्यातून सहा. १९७१ च्या जनगणनेच्या आधारे महाराष्ट्रातील प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५ धरले जाते. म्हणजे या दोन जिल्ह्यांचे पंधरा आमदार मिळून २,६२५ मूल्याची मते होतात, खासदारांची निराळीच. देशाच्या हिशेबात हा आकडा लहान आहे. परंतु या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही आणि मतदान गुप्त असते. कायद्याने प्रत्येक आमदाराला स्वतःच्या बुद्धीने मत देण्याचे संपूर्ण स्वातंत्र्य दिलेले आहे. १९६९ साली सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून मत देण्याचे आवाहन झाले, ते पक्षांतर्गत डावपेचाचा भाग असेलही, परंतु कायद्याच्या दृष्टीने त्यात वावगे काहीच नव्हते. मत गुप्त असते, कारणे गुप्त असण्याचे कारण नाही. कोणत्या उमेदवाराला आणि का, याचे दोन शब्दांत उत्तर आपल्या आमदाराने तालुक्याच्या ठिकाणी येऊन द्यावे, अशी मागणी करण्यास कोणता कायदा आड येतो?

द्रौपदी मुर्मू यांची मुदत जुलै २०२७ पर्यंतची आहे. त्यानंतर कोण, याची नावे ऐनवेळी दिल्लीत ठरतील, आणि ठरताच त्यांच्याभोवती प्रांताची, जातीची आणि पक्षाची तटबंदी उभी राहील. उमेदवाराची चिकित्सा करण्यास तेव्हा जेमतेम महिनाभराचा अवधी हाती असतो. २००७ साली तो पाच आठवड्यांचा होता. म्हणून प्रश्न आधीच ठरलेले असले पाहिजेत. महाविद्यालयांच्या वादविवाद मंडळांनी, शिक्षक संघटनांनी, कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी आणि वाचनालयांनी हे प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींना आतापासून लेखी विचारावेत. उत्तर आले तर ते छापून आणावे. न आले तर तेही छापून आणावे.